पाच मिनिटांत वकील!

सोशल मीडियात नवीन काय आलं, हे अख्ख्या ला पाझमध्ये सगळ्यात आधी कुणाला कळतं? मला! फोटोंचे दिवस संपले तेव्हा मी व्हिडिओवर पोचले होते. लांब व्हिडिओ मागे पडले, मी छोट्यांवर उडी मारली. शेजारच्या गाळ्यातल्या बाया अजून फोटोच काढत बसल्यात!

आमचा गाळा अलासीताच्या जत्रेत, चिमुकल्या वस्तूंचा. बोटभर घर, काडेपेटीत मावणारी मोटार, टपाल तिकिटाएवढा पासपोर्ट. जत्रेच्या पहिल्या दिवशी भर बाराला जे चिमुकलं घ्याल आणि धुरीवर धराल, ते वर्षभरात मोठं होऊन दारात येतं. गाळा सासूबाईंचा, म्हणजे डोन्या एउसेबियांचा. मी लग्न झाल्यापासून मागे बसून डिंक लावते.

"आई, यंदा गिऱ्हाईक मी फोनवरून आणते," मी छाती काढून म्हटलं.

"आण की! बाराच्या आत गर्दी दिसली तर पुढची खुर्ची तुझी. नाही दिसली तर जन्मभर डिंक!"

ठरलं! हल्लीचा नियम असा, की माणसाला पहिल्या झटक्यात धरायचं आणि शब्द कमी वापरायचे. म्हणून 'चिमुकली' हा शब्द मी कापला. आमच्या गावात ते सांगावं लागतं का? उरलं ते असं : 'वकिलीची पदवी! पाच मिनिटांत! अभ्यास नाही, परीक्षा नाही!' फोटो इतका जवळून घेतला, की शिक्का ताटाएवढा दिसत होता.

व्हिडिओ सुसाट पळाला! डोंगर उतरून थेट दूरच्या सांता क्रूस शहरात पोचला. जत्रेच्या पहिल्या दिवशी सकाळी तिथून एका बाईंचा फोन.

"ताई, दातांच्या डॉक्टरची पदवी मिळेल का हो? पोरगा सारखा नापास होतोय."

"मिळेल की! शिक्क्यासकट!"

"आणि सही कुणाची?"

"माझ्या नवऱ्याची!"

फोन कट! मला वाटलं, रेंज गेली. मग पडद्यावर अक्षरं आली : 'बनावट कागदपत्रं विकल्यामुळे आपलं खातं बंद करण्यात येत आहे.'

"सह्या मी केल्यात गं!" माझा नवरा ग्रोव्हर पांढराफटक पडला. त्याला तोंड उघडून नीट घाबरायलाही वेळ मिळाला नाही, कारण समोर दोन पोलीस उभे! पोलीस म्हटल्यावर त्यांच्यामागे बघ्यांची ही झुंबड.

"इथे पदव्या कोण विकतं?" सार्जंटनं दरडावलं.

"ही!" सासूबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता माझ्याकडे बोट केलं.

"माल दाखवा."

मी वकिलीची पदवी त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं चष्मा लावला. चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला.

"एवढीशीच?"

"वाढते ना साहेब! वर्षभर लागतं."

तेवढ्यात दुसरा पोलीस त्याच्या कानाशी लागला, "साहेब, बारा वाजत आले."

सार्जंटनं इकडेतिकडे पाहिलं. घसा खाकरला. "बढतीचं पत्र आहे का?"

त्यानं पत्र घेतलं मात्र, गर्दी तुटून पडली! पोलीस घेतात म्हणजे माल अस्सल!

"गर्दी पोलिसांनी आणली," सासूबाई पुटपुटल्या.

"आणि पोलीस कुणी आणले?"

सासूबाई खुर्चीवरून उठल्या आणि मागे डिंकापाशी जाऊन बसल्या. मी पुढच्या खुर्चीत बसले. काय सांगू, राणी झाल्यासारखं वाटलं! खातं बुडालं तर बुडालं!

पण गर्दी माझ्याकडे बघेचना. सगळी माझ्या मागे, डिंकाच्या जागेकडे बघत होती. सासूबाईंनी शालीतून एक खोका काढला होता. त्यात नखाएवढे फोन, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर लिहिलेलं : 'दहा लाख फॉलोअर्स'!

"आई, हे कधी केलंत?"

"तू व्हिडिओ करत होतीस तेव्हा. हल्ली लोकांना घर नको, गाडी नको. हेच हवंय सगळ्यांना."

बाराच्या घंटा सुरू झाल्या. खोक्यात एकच फोन उरला होता. तो मी घेतला आणि पळत जाऊन धुरीवर धरला. सुनेकडूनही पुरते पैसे घेतले हो त्यांनी! वर शकुन म्हणून गिऱ्हाइकाला देतात ती चिमुकली नोटसुद्धा दिली नाही.

असो. नवीन काय आलं, हे अख्ख्या ला पाझमध्ये सगळ्यात आधी मलाच कळतं. सासूबाई सोडून!