न झालेल्या हंगामाचं मानधन

हार्कर्सव्हिल कॉलेजच्या नियमपालन कक्षात मी एकतीस वर्षं नोकरी केली. कॉलेजच्या खेळाडूंना तेव्हा पैसे किंवा भेटी घ्यायला बंदी होती; आमच्या खेळाडूंनी कुणाकडून काही फुकट घेतलं तर नाही ना, हे पाहणं माझं काम. बास्केटबॉलचा एखादा पोरगा कुणाच्या गाडीतून घरी गेला, कुणाकडे जेवला, की त्याची नोंद माझ्या वहीत होई. एकदा एका प्राध्यापकांनी वाढदिवसाचा केक खेळाडूंना वाटला, तेव्हा मी तुकड्यांची लांबी-रुंदी मोजून आणली होती. मी, म्हणजे व्होगेल, आलो म्हटलं की पोरं खिसे चाचपत.

पुढे नियमच बदलला. आता कॉलेजचे खेळाडू जाहिराती करतात आणि राजरोस पैसे घेतात. आमच्या गावातल्या गाद्यांच्या दुकानाच्या जाहिरातीत पूर्वी मालकाची सासू झोपलेली असे. आता तिथे आमच्या संघाचा एक राखीव खेळाडू झोपतो. त्या झोपेच्या कमाईवर त्यानं घेतलेली गाडी कॉलेजच्या दारात उभी असते, आणि अध्यक्षीणबाई डॉ. मार्जरी केसलिंग आपली गाडी हल्ली मागच्या बाजूला लावतात.

गेल्या वर्षी कॉलेजला नवं क्रीडागृह बांधायचं होतं. त्यासाठी देणग्या हव्या होत्या. देणगी देण्याच्या वयाला पोचलेले आमचे सगळे माजी विद्यार्थी १९८५ च्या संघाची आठवण काढून रडतात, असं पाहणीत आढळलं. त्यानुसार बाईंनी 'पूर्वलक्षी मानधन निर्धारण समिती' स्थापन केली. आजचा नियम त्या काळी असता तर त्या संघाला किती पैसे मिळाले असते, हे समितीनं काढायचं, आणि मग त्यांचा जाहीर सत्कार करायचा.

"मानधनातला मान आपण देऊ," बाई म्हणाल्या.

"आणि धन?"

"ते आकड्यात सांगू."

समितीचा सचिव म्हणून मला निवृत्तीतून परत बोलावलं. त्या संघाची फाइल फक्त मलाच ठाऊक होती. ती मीच तयार केली होती.

आमच्या संघाचं नाव 'खेचर'. का, ते कुणाला माहीत नाही; संस्थापकांकडे एक होतं म्हणतात. ८५ साली या खेचरांमध्ये ल्यूशियस प्रेविट नावाचा सहा फूट दहा इंचांचा मुलगा होता. मिसिसिपीच्या उन्हातून तो इंडियानाच्या थंडीत आला, तो सुती सदऱ्यावर. एबरसोल नावाच्या म्हाताऱ्या कापड दुकानदारानं त्याला जानेवारीत रस्त्यावर कुडकुडताना पाहिलं आणि "पोरा, मरशील" म्हणून त्याच्या मापाचा एक लोकरी कोट शिवून त्याच्या अंगावर घातला. किंमत अडतीस डॉलर. मला संशय आला तो बाह्यांवरून. त्या मनगटापर्यंत पोचत होत्या. एवढ्या लांब बाह्यांचा कोट मुद्दाम शिवल्याशिवाय मिळत नाही, आणि ल्यूशियसच्या खिशात अडतीस डॉलर एका वेळी कधी नसत. मी चार पानी अहवाल पाठवला.

तोवर खेचरांनी प्रादेशिक अजिंक्यपद जिंकलं होतं. देशाच्या क्रीडामंडळानं अहवाल वाचून निकाल दिला: सत्तावीस विजय रद्द, अजिंक्यपदाचा झेंडा खाली, नोंदी बाद. कागदोपत्री तो हंगाम झालाच नाही. ल्यूशियसचा गुडघा त्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात गेला. तेवढा सामना मात्र झाला.

मी सत्काराचं आमंत्रण घेऊन त्याच्या घरी गेलो. तो शाळेची बस चालवतो. दार त्याच्या बायकोनं, ओडेसानं उघडलं.

"या, व्होगेलसाहेब. चाळीस वर्षांनी आलात. आता काय घेतलंय ह्यांनी?"

"काही नाही, बाई. उलट कॉलेज—"

"मक्याची भाकरी केलीय. खाल का, की अहवाल करावा लागेल?"

मी खाल्ली. ल्यूशियस खुर्चीत बसून होता, उजवा पाय स्टुलावर. त्यानं आमंत्रण दोनदा वाचलं.

"झेंडा परत लावणार?"

"समितीच्या विचारात आहे."

"आणि गुडघा? बसवाल्यांचा विमा म्हणतो, दुखणं जुनं आहे. कॉलेज म्हणतं, शिकून बाहेर पडलास, आता आमचा संबंध नाही. माझे अर्ज आहेत ना तुमच्याकडे?"

"एकोणीस आहेत. सगळे विचाराधीन आहेत."

"एवढा विचार माझ्या गुडघ्याचा मीसुद्धा केला नाही," तो म्हणाला. मग आमंत्रण खिशात घालत म्हणाला, "येतो मी. झेंडा एकदा बघायचाय."

हे तो अशा आवाजात म्हणाला, की मी उरलेली भाकरी खाली ठेवली.

समितीची पहिली बैठक पहिल्याच मुद्द्यावर अडली. जो हंगाम झालाच नाही, त्याचं मानधन कसं काढायचं? शिकागोहून ब्राइस नावाचा एक तज्ज्ञ आणला होता. वय अठ्ठावीस, मोजे नाहीत. तो म्हणाला, "त्यानं काही बिघडत नाही. मानधन मिळालंच नव्हतं, हंगाम झालाच नव्हता, दोन्ही एकाच जातीचं आहे." हे सर्वांना पटलं. 'न झालेल्या हंगामात न मिळालेलं मानधन' अशी दुरुस्ती ठरावात करून काम सुरू झालं.

ब्राइसनं जुने फोटो, वर्तमानपत्रं आणि चित्रफिती यंत्रात घातल्या. पंधरवड्यानं आकडे आले. सामन्यामागे बावीस गुण करणाऱ्या ल्यूशियसची किंमत निघाली चार लाख दहा हजार डॉलर. तो फोटोत हसत नसे, म्हणून कमी. सर्वांत महाग निघाला ड्यूई स्ट्राउड: बारा लाख.

ड्यूई पूर्ण हंगामात एकेचाळीस सेकंद खेळला होता. पण त्याला झुपकेदार मिशी होती आणि बाकावर बसल्या बसल्या तो नाचायचा. हल्ली तो घरांच्या छपरांच्या पन्हळी साफ करून देतो. त्याला आणि ल्यूशियस-ओडेसाला बैठकीला बोलावलं होतं. आकडा ऐकून ड्यूईनं ल्यूशियसकडे पाहिलं.

"लंबू, तू उगाच पळत होतास रे."

"तुला आत घेतलं की सामना हरायची वेळ यायची."

"पण माझी मिशी जिंकत होती ना!"

दोघं इतके हसले, की इतिवृत्तात मला 'क्षणभर विश्रांती' असं लिहावं लागलं.

त्यानंतर ब्राइसनं कोटाचा विषय काढला. आजच्या नियमानं दुकानदारानं कोट द्यावा आणि खेळाडूनं तो घालून गावभर हिंडावं, ही चक्क जाहिरात. म्हणजे कोट कायदेशीर. म्हणजे माझा अहवाल निराधार. म्हणजे हंगाम झाला! ओडेसानं टाळी वाजवली. ल्यूशियसनं टेबलाची कड घट्ट धरली. मलाही बरं वाटलं. चाळीस वर्षं एक गोष्ट मनात टोचत असेल, आणि ती आपली चूक कबूल न करताच नाहीशी होणार असेल, तर कुणाला बरं वाटणार नाही?

"मात्र," ब्राइस म्हणाला.

मात्र असा, की चार लाखांचा खेळाडू हार्कर्सव्हिलसारख्या कॉलेजात राहत नाही. पहिल्याच वर्षानंतर मोठ्या कॉलेजनं त्याला दुप्पट देऊन नेलं असतं. यंत्रानं ल्यूशियसला नेलं. ल्यूशियस संघात नसल्यावर खेचर सहाव्या क्रमांकावर आले. सहाव्या क्रमांकाला झेंडा नसतो.

"पण मी गेलो नव्हतो," ल्यूशियस म्हणाला. "मी इथंच होतो. सत्तावीस सामने खेळलो."

"तुम्ही होता," ब्राइस समजुतीनं म्हणाला. "पण ज्यांचा सत्कार आहे, ते ल्यूशियस गेले होते."

"तो कोण?"

"ज्यांना चार लाख मिळाले असते, ते."

अशा रीतीनं आमच्या दप्तरी दोन ल्यूशियस झाले. एक ज्याला काही मिळालं नाही, आणि दुसरा ज्याला सगळं मिळालं असतं. कॉलेजला अर्थातच दुसरा आवडू लागला. त्याचे अर्ज नव्हते, तो लंगडत नव्हता आणि देणगीदारांना त्याच्याविषयी ऐकायला आवडे. पहिल्याच्या गुडघ्याचा प्रश्नही त्याच्यामुळे सुटला. बाईंनी आपल्या हातानं टिपण लिहिलं: 'सदर खेळाडूस चार लाख दहा हजार मिळाले असते. एवढ्या पैशात त्यानं स्वतःचा उत्तम विमा उतरवला असता व गुडघा १९८६ सालीच दुरुस्त झाला असता. सबब दुरुस्त गुडघ्याबाबतचे एकोणीस अर्ज निकाली काढण्यात येत आहेत.'

ते पत्र द्यायला मीच गेलो. ओडेसानं मोठ्यानं वाचलं.

"अगंबाई! म्हणजे त्या दुसऱ्याचा गुडघा बरा झालाय?"

"कागदोपत्री."

"मग त्याला म्हणावं, सकाळी सहाला ये आणि बस काढ. आमच्या ह्यांना क्लच दाबवत नाही."

ल्यूशियसनं पत्राची घडी घातली. "व्होगेल," तो पहिल्यांदाच 'साहेब' न लावता म्हणाला, "तेव्हा कोट परत दिला असता, तर चाललं असतं?"

चाललं असतं. नियमात तशी तरतूद होती. पोराला बोलावून सांगायचं, एवढंच. ते मी केलं नव्हतं, कारण अहवाल अर्धा लिहून झाला होता आणि चांगला जमला होता.

"हो," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. त्याला राग आला असता तर मला सोपं गेलं असतं.

सत्कार फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी, सामन्याच्या मध्यंतरात होता. चार हजार माणसं आली. कॉलेजनं प्रवेशद्वाराशी टेबलं मांडून शर्ट विकायला ठेवले होते, तीन हजार नग, किंमत चाळीस डॉलर. छातीवर उडी मारलेला ल्यूशियस, हातात चेंडू, खाली '८५ चे खेचर'. ओडेसा आत शिरताना तिथेच थांबली.

"हे कोण?"

"दुसरे ल्यूशियस," ब्राइस घाईनं म्हणाला.

"नाक माझ्या नवऱ्याचं दिसतंय."

मग तिनं पर्स उघडून जाड चष्मा काढला आणि नवा नियम माझ्यापुढे धरला. ती घरून छापून घेऊन आली होती. खेळाडूचा चेहरा विकायचा तर त्याची लेखी संमती हवी. ती संमती घ्यायला कॉलेज विसरलं होतं. बाई धावत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "नियमभंग आहे."

"काय हवंय तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

ल्यूशियस भिंतीला टेकून उभा होता. "एका शर्टामागे पाच डॉलर," तो म्हणाला. "तीन हजार शर्ट आहेत. पंधरा हजारांत शहरातला डॉक्टर गुडघा करून देतो. मी विचारून ठेवलंय."

"लाज नाही वाटत, एवढ्या दिवशी घासाघीस करायला?" मागून कुणीतरी म्हणालं.

"हळू बोल रे," ड्यूई म्हणाला, "नाहीतर मी नाचायला लागेन."

बाई हुशार आहेत. त्यांनी होकार दिला, आणि क्रीडामंडळाच्या पारदर्शकतेच्या धोरणानुसार दोन पाट्या करायला सांगितल्या. कोठारात नुसत्या खेचराचं चित्र असलेले शर्ट पडले होते, तेही आणून शेजारी ठेवले. एक पाटी: 'खेचराचं चित्र, चाळीस डॉलर.' दुसरी: 'ल्यूशियस प्रेविट यांचं चित्र, त्यांच्या गुडघ्यासह, पंचेचाळीस डॉलर.'

मध्यंतरात ल्यूशियसचं नाव पुकारलं. तो मैदानाच्या मध्यापर्यंत एकटा चालत गेला. ते अंतर कापायला त्याला बराच वेळ लागला. चार हजार माणसं उभी राहिली. टाळ्या तीन मिनिटं थांबल्या नाहीत. मी घड्याळ लावून पाहिलं. माझ्या शेजारचा माणूस हुंदके देत म्हणाला, "याच्यासाठी मी काहीही केलं असतं हो, काहीही." ल्यूशियसला पुठ्ठ्याचा भलामोठा धनादेश दिला गेला, त्यावर चार लाख दहा हजार आणि कोपऱ्यात 'केवळ प्रदर्शनार्थ'. तो त्यानं दोन्ही हातांनी धरला, आणि छताकडे पाहिलं. तिथे झेंडा नव्हता. तो पहिल्यांदा फोटोत हसला, पण ते हसू ब्राइसच्या यंत्राला उपयोगाचं नव्हतं.

सामना संपल्यावर लोक टेबलांकडे आले. डोळे अजून ओले होते. त्यांनी दोन्ही पाट्या वाचल्या. मग रांग लागली, मोठी, वळणं घेत दारापर्यंत गेलेली. ती खेचराची होती.

ल्यूशियसचे शर्ट एकूण एकसष्ट गेले. त्यातले चाळीस ड्यूईनं एकट्यानं घेतले. आता त्याची माणसं पन्हळी साफ करताना ते घालतात. तीनशे पाच डॉलरचा धनादेश, हा खरा, मी स्वतः नेऊन दिला. गुडघा अजून तसाच आहे. ओडेसानं त्या पैशांत बसच्या सीटवर बसायला एक जाड उशी घेतली, आणि पावती मला दाखवली.

मी कोणता शर्ट घेतला, ते विचारू नका. कापड उत्तम आहे, धुतल्यावर आटत नाही. त्या रांगेत गावचा पाद्री होता, माझी बहीण होती, हुंदके देणारा तो माणूसही होता, आणि प्रत्येकानं मला आपापलं कारण सांगितलं. सगळी कारणं पटण्यासारखी होती. तुम्ही त्या दुपारी तिथे नव्हता. तुमचं बरं आहे. पंचेचाळीसच्या पाटीखाली अजूनही तुम्हाला मनातल्या मनात खुशाल उभं राहता येतं.