डोक्यावर फिरण्यास परवानगी मिळणेबाबत

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत अक्षता राहते. वय बावीस, कला ब्रेकडान्स. राज्याच्या संघाची निवड आठ दिवसांवर आली म्हणून तिने सोसायटीचा हॉल रोज दोन तास सरावाला मागितला. डोक्यावर गरगर फिरायला गुळगुळीत फरशी लागते, आणि ती फक्त हॉलमध्ये आहे.

सेक्रेटरींचा मुलगा आयुष वर्षभर तिथे हेच करत होता. त्याने अर्ज केला नव्हता, त्यामुळे तो नाकारण्याचा प्रश्न उद्भवला नाही.

अक्षताला समितीच्या बैठकीत बोलावले गेले. अध्यक्ष गोपाळकृष्णरावांनी चष्मा पुसला.

"डोक्यावर फिरताना डोक्याचं काय?"

"हेल्मेट घालते, काका." तिने ते पिशवीतून काढले. स्कूटरवर जन्मात हेल्मेट न घातलेल्या अकरा जणांनी आयएसआय मार्क तपासला.

"पाय वर असताना समोर कोण?"

"कोणी नाही. दार लावून घेईन."

"दार लावून? एकटी? समितीला कळणार कसं?"

"मग उघडं ठेवते."

"म्हणजे सगळ्यांनी बघायचं!"

शेवटी महिला प्रतिनिधी कुसुमताईंनी दारात बसावे असे ठरले.

"बसेन की. पण उद्या हिच्या सासरचे हरकत घेणार नाहीत असं लिहून घ्या. मला नंतर बोलणी नकोत."

"अहो काकू, माझं लग्नच ठरलेलं नाही!"

"मग सही कोण करणार?" असे विचारून अध्यक्षांनी अर्ज सासर मिळेपर्यंत प्रलंबित ठेवला.

"काका, निवड रविवारी आहे."

"रविवारपर्यंत बघा एखादं स्थळ."

अक्षता पार्किंगमध्ये पुठ्ठे अंथरून फिरली. कोपरे सोलली. निवड झाली.

सोमवारी गेटवर फ्लेक्स लागला. वर अक्षता, डोक्यावर उभी. खाली समितीचे अकरा हसरे चेहरे. "मुलीची जात आणि पाय वर? सरळ करा," अध्यक्ष कडाडले. फ्लेक्स उलटा टांगला गेला. अक्षता सरळ झाली, समिती डोक्यावर.

राष्ट्रीय स्पर्धेसाठी तिने पुन्हा हॉल मागितला. मिळाला नाही. तिथे तिच्याच सत्काराची तयारी चालली होती.

सत्काराला तुम्हीही होतात. तिच्या कोपरांवरच्या पट्ट्या बघून हळहळलात, "मुलगी असून केवढं केलं!" म्हणालात, दुसरा वडा घेतलात. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्किंगमध्ये शिरताना हॉर्न दाबलात.

"ए, पुठ्ठे उचल गं. गाडी लावायचीय."