फाईलला हात लावायचा नाही

वेणीमाधव सरांच्या ऑफिसात चपला घालून आत आलेलं चालायचं, कीबोर्डशेजारी चिवड्याची पुडी उघडलेली चालायची, आणि दुपारच्या जेवणानंतर कुंदनने खुर्चीतच डुलकी काढली तर सर स्वतः चवड्यांवर चालत त्याच्यामागून जायचे. एका गोष्टीला मात्र माफी नव्हती. पॅकेजच्या फाईलला हातानं शिवायचं नाही.

ही फाईल म्हणजे काही फार मोठी गोष्ट नव्हती. सरांची कंपनी कारखान्यांच्या स्टोअरसाठी सॉफ्टवेअर बनवायची. त्यात पावत्यांचं एक पॅकेज, रिपोर्टचं एक, बारकोडचं एक, अशी बरीच पॅकेजं एकत्र बांधलेली असत. कुठलं पॅकेज, त्याची कितवी आवृत्ती आणि ते दुसऱ्या कुणाच्या जिवावर चालतं, एवढंच त्या फाईलमध्ये लिहिलेलं असे, आणि ती वाचूनच गिऱ्हाइकाची सीडी तयार होई. पूर्वी ती फाईल कुणीही नोटपॅडमध्ये उघडायचं आणि मनाला येईल ते लिहायचं. मग एकदा कुंदनच्या हातून एक ओळ वरची खाली झाली आणि सिन्नरच्या एका कारखान्यात कामगारांना साबणाच्या वड्यांऐवजी बेअरिंगं वाटायच्या पावत्या निघाल्या.

तेव्हापासून सरांनी कमांडी आणल्या. काळ्या पडद्यावर एक ओळ टाईप करायची, की कमांड आपणच फाईल उघडणार, हवा तो बदल करणार, बंद करणार, आणि जाताजाता सगळ्या अक्षरांची बेरीज करून तो आकडा तळाशी लिहिणार. बाहेरून कुणी एक स्वल्पविराम जरी हलवला तरी बेरीज जुळायची नाही आणि पडद्यावर अक्षरं उमटायची, 'फाईल ओवळी झाली आहे. काम थांबवले आहे.'

सर मूळचे पंचवटीतले. वडील आणि थोरले भाऊ रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगणारे. सरांनी कॉम्प्युटर धरला आणि गंगापूर रोडवरच्या राहत्या फ्लॅटच्या पुढच्या दोन खोल्यांत ऑफिस थाटलं. मागे ते आणि त्यांच्या आई गोदावरीकाकू राहत. काकूंनी स्वतःचं सोवळं कधीच खुंटीला टांगलं होतं. ऑफिसातल्या सगळ्यांना त्या एकाच किटलीतून चहा देत आणि म्हणत, "मी सोडलं, तर यानं ते मशिनीत घातलं."

स्वरदाला या ऑफिसात येऊन थोडेच महिने झाले होते. तिचं प्रोबेशन महिनाअखेरीला संपत होतं. नोकरी कायम झाली नाही तर वडिलांनी आणून ठेवलेली बँकेच्या परीक्षेची पुस्तकं उघडायची, असं घरी ठरलेलं होतं. तिला ती पुस्तकं मुळीच उघडायची नव्हती. तिला इथेच राहायचं होतं, आणि त्याचं कारण पगार नव्हता, पगार यथातथाच होता. कारण होते सर. ते काळ्या पडद्यासमोर बसले की बघत राहावंसं वाटे. माऊस एका बाजूला गप पडलेला असे, सरांची बोटं चालत आणि अख्खं सॉफ्टवेअर मुकाट्याने सांगितल्या जागी जाऊन बसे. असं आपल्याला कधी येईल, या विचाराने स्वरदा घरी जेवतानासुद्धा ताटाच्या कडेवर बोटं चालवायची.

त्यात सरांच्या कमांडी मराठीत होत्या. अक्षरं इंग्रजी, पण शब्द 'टाक', 'काढ', 'बदल', 'मागे'. आणि त्या बोलायच्याही अगदी सरांसारख्या, अदबीनं. 'आपण रिपोर्ट पाहू इच्छिता. दाखवू का?' मग 'झाले. आभारी आहे.' ते वाचताना स्वरदाला कानात सरांचाच आवाज ऐकू यायचा. घोटाळा झाला तो इथेच.

त्या दिवशी सिन्नरच्या कारखान्याने माल मोजायला स्टोअर बंद ठेवलं होतं आणि संध्याकाळपर्यंत नवी सीडी तिथे पोचायची होती. सर सकाळीच सातपूरला एका कामासाठी निघाले. दारात थांबून म्हणाले, "स्वरदा मॅडम, रिपोर्टची नवी आवृत्ती तेवढी फाईलमध्ये घाला. मग सीडी काढा. कुंदन पाचच्या बसनं घेऊन जाईल."

एका ओळीचं काम. 'बदल' म्हणायचं होतं, बाकीचं कमांडीनेच तपासून घेतलं असतं. पण स्वरदाला आईची शिकवण आठवली, की जुनं काढून डबा पुसल्याशिवाय नवं भरायचं नाही. तिने आधी 'काढ' म्हटलं.

'रिपोर्ट काढले,' पडद्यावर आलं. 'पावती त्याच्या जिवावर चालते. आपली हरकत नसेल तर पावतीही काढू का?'

स्वरदा थबकली. पावती काढायची नव्हती हे तिला कळत होतं. पण इतक्या सभ्यपणे विचारलेल्या प्रश्नाला नाही म्हणायचं कसं? ती ज्या घरात वाढली तिथे मोठ्यांनी विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसायचाच. 'आत्याला गाणं म्हणून दाखवतेस ना?' याला एकच उत्तर असे आणि ते म्हणजे गाणं. तिने 'हो' टाईप केलं.

'पावती काढली. बारकोड पावतीच्या जिवावर चालतो. काढू का?'

सरांना काहीतरी माहीत असणार, असं मनाशी म्हणत तिने पुन्हा 'हो' म्हटलं. मग गोदाम गेलं, खरेदी गेली, पुरवठादार गेले. प्रत्येक जण जाताना रीतसर परवानगी घेऊन गेला. शेवटी पडदा म्हणाला, 'फाईलमध्ये आता एकही पॅकेज नाही. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे.'

कुंदन खुर्ची सरकवत तिच्यामागे येऊन उभा राहिला. त्याच्या घरची मखमलाबादकडे द्राक्षांची शेती. तिथे पाखरांना हाकलून हाकलून त्याचा आवाज मोठा झाला होता. आज मात्र तो कुजबुजला. "मॅडम, नाय म्हणायचं होतं ना तुम्ही."

"सर विचारत होते रे."

"सर कुठं हायेत? मशिन हाय ते."

"पण बोलतं तर सरांसारखंच."

कुंदन पडद्याकडे वाकला. तो म्हणाला, "'मागे' देऊन बघा." स्वरदाने 'मागे' दिलं. पुरवठादार परत आले. पुन्हा 'मागे' दिलं तर ते पुन्हा गेले. सरांची ही कमांड एकच पाऊल मागे यायची आणि दुसऱ्यांदा म्हटलं की तेच पाऊल पुढे टाकायची. थोडा वेळ दोघं पुरवठादारांना आत-बाहेर करत बसले.

मग स्वरदाच्या मनात ते वाक्य आलं ज्याने आजवर भल्याभल्यांचा घात केला आहे. दोन मिनिटांचं तर काम आहे. तिने दाराकडे पाहिलं, नोटपॅड उघडलं आणि आठवतील तशा सगळ्या ओळी हातानं लिहून काढल्या. फाईल दिसायला अगदी पहिल्यासारखी झाली. तिने सुटकेचा श्वास टाकून सीडीची कमांड दिली.

'फाईल ओवळी झाली आहे. काम थांबवले आहे.'

"तो खालचा आकडाच पुसून टाका," कुंदन म्हणाला. "आकडा नसला तर बेरीज कशाशी जुळवल?"

तिने आकडा पुसला. पडदा क्षणभर विचारात पडल्यासारखा झाला आणि म्हणाला, 'फाईल फारच ओवळी झाली आहे.'

सर सातपूरहून परतले तेव्हा चार वाजून गेले होते. स्वरदाने उभं राहून सगळं सांगितलं, एक अक्षर न लपवता. सांगताना तिला बँकेच्या परीक्षेची पुस्तकं डोळ्यांपुढे दिसत होती. सरांनी पडद्यावरच्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"सगळ्यांना हो म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आतापन हो म्हणाल्या," कुंदन म्हणाला, आणि कुणी हसलं नाही म्हणून खिडकीबाहेर पाहू लागला.

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. कमांडीने सगळी पॅकेजं पुन्हा टाकायची तर तासभर तरी हवा होता, कारण प्रत्येक पॅकेज आत घेताना ते बाकीच्यांशी जमवून घेतंय की नाही हे कमांड तपासून पाहायची. पण बेरीज कशी करतात हे सरांना ठाऊक होतं, ती त्यांनीच तर बांधली होती. ओळी हातानं दुरुस्त करायच्या आणि खाली बरोबर आकडा लिहायचा, की झालं. त्यांनी खुर्ची ओढली आणि नोटपॅड उघडलं. कमांडी आल्यापासून कुंदनने असं दृश्य कधी पाहिलं नव्हतं. काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

सरांची बोटं कीबोर्डवर अधांतरी राहिली. "स्टोअर बंद ठेवून बसलीत ती माणसं," ते म्हणाले. "आजच्या दिवस हातानं घालू का?"

त्यांनी हे कुणाला विचारलं ते कळलं नाही. कुंदन पंख्याकडे बघत होता. काकूंनी ट्रे टेबलावर ठेवला.

"नाही, सर," स्वरदा म्हणाली.

आपण बोललो हे तिला आधी कळलंच नाही. सर वळून तिच्याकडे बघू लागले तेव्हा कळलं.

"का?"

"मगाशी मी पण असंच म्हटलं होतं. दोन मिनिटांचं काम आहे म्हणून." तिने पडद्याकडे बोट केलं. "आणि नियम तुमचाच आहे."

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी नोटपॅड बंद केलं, खुर्चीतून उठले आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बसा. ही फाईल टाकून द्या, कमांडीने कोरी घ्या. मी सांगतो, तुम्ही टाका."

मग जे झालं ते ऐकावं असंच होतं. सर डोळे मिटून उभे राहिले आणि पॅकेजं म्हणू लागले, ज्याच्या जिवावर दुसरं चालतं ते आधी, मग त्याच्यावरचं, मग त्याच्यावरचं. नाव, आवृत्ती, नाव, आवृत्ती, न अडखळता, एका लयीत. स्वरदाची बोटं आपोआप त्या लयीत पडू लागली. काकू हळूच कुंदनला म्हणाल्या, "याच्या वडिलांचं असंच होतं रे. झोपेतून उठवलं तरी मंत्राची एक मात्रा हलायची नाही." हे काकू कधी सरांच्या तोंडावर बोलल्या नसत्या.

बारकोडपाशी पडदा अडला. 'क्षमा असावी. बारकोडची ही आवृत्ती नव्या रिपोर्टबरोबर चालत नाही. तरीही टाकू का?'

सरांनी डोळे उघडले. "मी बरोबर सांगतोय. टाका."

"तो नाही चालत म्हणतोय, सर."

"तो कोण म्हणणारा? मीच लिहिलंय त्याला."

स्वरदाने सरांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि 'नाही' टाईप केलं. सर वाकून नव्या रिपोर्टचे कागद चाळू लागले. चाळता चाळता एका पानावर थांबले. नव्या रिपोर्टला बारकोडही नवाच लागत होता. हातानं घातलं असतं तर सीडीवर जुनाच गेला असता, आणि उद्या सिन्नरला प्रत्येक खोक्यावर दुसऱ्याच मालाचं लेबल लागलं असतं. सर नुसतं "हं" म्हणाले आणि नवी आवृत्ती सांगितली.

सीडी निघाली तेव्हा पाचची बस केव्हाच गेली होती. कुंदनने सीडी शर्टाच्या आत घातली. "द्वारकेच्या चौकातून जीप पकडतो. गर्दी लय असंल, पन लटकून जाईन," असं म्हणून तो जिना उतरलासुद्धा. सर आतल्या खोलीत फोन करायला गेले.

स्वरदाने ड्रॉवरमधलं आपलं सामान पर्समध्ये भरायला घेतलं. एका दिवसात अख्खी फाईल रिकामी केली, ती ओवळी केली, आणि वर सरांना सगळ्यांदेखत नाही म्हटलं. यातल्या एकेका गोष्टीवर माणसं घरी बसली असती. काकूंनी तिच्यापुढे गार झालेला चहा सरकवला, मग परत उचलून गरम करायला नेला. आतून सरांचा आवाज येत होता. पलीकडे बहुतेक सिन्नरचे स्टोअरकीपर नाथाभाऊ असावेत.

"निघालाय आमचा माणूस. तासभर उशीर होईल... हो, चूक आमचीच... अहो, तेच करणार होतो मी, मॅडमनी परवानगी दिली नाही... कोण म्हणजे? स्वरदा मॅडम. पॅकेजची फाईल आता त्यांच्याकडे असते... नाही नाही, ट्रेनी नव्हेत. कायमच्या आहेत." सरांचा आवाज जरा चढला. "तोंडावर नाही म्हणाल्या मला. माझ्या तोंडावर, नाथाभाऊ. आणि बरोबर होतं त्यांचं."

घरातलं मूल बोर्डात आल्याची बातमी द्यावी तसं ते सांगत होते. स्वरदाचा हात पर्सच्या चेनवरच राहिला. तिला एकदम रडायला आलं, आणि काकू चहा घेऊन येत होत्या म्हणून तिने ते घाईघाईने आवरलं.

फोन ठेवून सर बाहेर आले. तिच्या टेबलापाशी जरा घुटमळले, टेबलावरचं स्टेपलर उगीच सरळ करून ठेवलं.

"मॅडम," ते म्हणाले, "उद्या सकाळी मला फाईलमध्ये एक लहानसा बदल करायचाय. चालेल का?"

स्वरदाने चहाचा घोट घेतला.

"आधी काय बदलायचंय ते सांगा," ती म्हणाली.