पहिली लई चांगली होती

पिच्चर कशी आहे हे बीडमध्ये दोनच जणांना बसल्याबसल्या कळतं. एक तिकीटखिडकीवरचा माणूस आणि दुसरी मी. त्याला गर्दीवरून कळतं, मला नुसत्या वासावरून. आमच्या गल्लीतल्या छबुबाई तर मला विचारल्याशिवाय थेटराची पायरी चढत नाहीत. एकदा न विचारता गेल्या आणि दोन दिवस डोकं बांधून पडल्या होत्या. तेव्हापासून माझ्या मताला गल्लीत वजन आलं. सातवी शिकलेल्या बाईला एवढं वजन दुसऱ्या कुठल्या खात्यात मिळालं असतं सांगा.

माझा नियम सोपा आहे. जी पहिली निघाली ती चांगली. तिच्यावरून दुसरी काढली की समजावं, लोकांची कल्पना संपली आणि हाताशी फक्त भांडवल उरलं. रिमेकचं तर विचारूच नका. सकाळची भाकरी चुरून संध्याकाळी फोडणी दिली तर मी आवडीनं खाईन, पण तिला पुलाव म्हणून वाढू नये.

आणि हो, मी ‘ती पिच्चर’ म्हणते. पुण्याला दिलेली माझी लेक दर वेळी दुरुस्ती करते, ‘आई, तो पिक्चर.’ तिच्याकडं तो असेल. माझ्याकडं ती आहे. ती लागते, ती चालते, ती उतरते. एवढ्या एका ‘ती’मुळं माझ्या भाच्याचं लग्न मोडायची वेळ येईल हे मला कुठल्या वासावरून कळणार होतं?

भाचा म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, संगमेश. परळीला त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. पोरगा सोन्यासारखा, वय बत्तीस, आणि अकरा ठिकाणांहून नकार. सगळ्यांना नोकरीवाला पाहिजे. अकराव्या नकारानंतर त्यानं आरशात बघायचं सोडून दिलं होतं. दाढीसुद्धा अंदाजानं करायचा. अशात बीडजवळच्या पालीच्या सोमलिंगअप्पांच्या शिवांजलीचं स्थळ आलं. दोघं फोनवर तीनदा बोलले. ती म्हणाली, ‘‘नोकरीवाल्याचं काय करू? आमची मोटर महिन्यातून दोनदा जळते. तुमीच बरे.’’ त्या दिवशी संगमेशनं आरसा पुसला.

तर रविवारी पालीला मुलगी बघायचा कार्यक्रम ठरला. आणि शनिवारी दुपारी मी आणि आमचे हे, विहिरीची पिच्चर बघून आलो. नाव सांगत नाही, उगाच कुणाचं नुकसान नको. पण सगळे तिला विहिरीचीच म्हणतात, कारण तिच्यात सासू सुनेला विहिरीत ढकलते. तीन वर्षांपूर्वी पहिली आली होती तेव्हा मी घरी येईपर्यंत रडत होते. रिक्षावाल्यानं विचारलं होतं, ‘‘मावशी, कोण गेलं?’’ आता थेटराबाहेर हे मोठं पोस्टर लागलं होतं, भाग दुसरा. आम्ही दहा मिनिटं उशिरा पोचलो, पण मला दहा मिनिटं कमी असली तरी मत बनवायला पुरतं.

रविवारी सकाळी शिवकन्यावहिनी, म्हणजे संगमेशची आई, त्याला घेऊन परळीहून आल्या. भाऊ कारखान्याच्या हंगामात अडकलेला, म्हणून वडीलमंडळी म्हणून आमचे हे. जीपमध्ये बसताना वहिनी मला म्हणाल्या, ‘‘अक्का, एक सांगू का? तिथं जरा कमी बोला.’’

‘‘मी? मी बोलते का कधी जास्त?’’

आमचे हे खिडकीबाहेर बघायला लागले.

पालीचं घर छान होतं. अंगणात तुळस, मागं मळा, मळ्यात बांधीव विहीर. सोमलिंगअप्पा कमी बोलणारे, गोल चेहऱ्याचे. त्यांच्या पत्नी सुंदरबाई मात्र हसतमुख, ‘‘या, या, पाणी घ्या, ऊन हाय बाहेर.’’ मुलीचे मामा बिभीषणमामा मिशीला पीळ देत दारात उभे. असे मामा प्रत्येक सोयरिकीत एक असतातच. मुलगी नापसंत झाली तरी चालेल, पण चौकशी राहता कामा नये.

आम्ही बसलो. आतून शेंगदाणे भाजल्याचा वास आला. संगमेश पाठ ताठ करून असा बसला होता की जणू कुणी मागून फळी बांधलीय. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. छबुबाई.

त्या सुनेला घेऊन तीनच्या खेळाला निघाल्या होत्या. सून रुसलेली, पिच्चर दाखवून समजूत काढायची होती. मत ताबडतोब पाहिजे होतं. आता कर्तव्य ते कर्तव्य. पण ओसरीवर रेंज येईना. मी घराला वळसा घालत घालत मागं गेले, तेव्हा एका खिडकीखाली दोन काड्या आल्या. तिथंच उभी राहिले. रेंज कमी असली की माणूस मोठ्यानं बोलतो, जसा काही आवाज वाढवला तर टॉवर जवळ येणार आहे.

‘‘हां, छबुबाई. पाहिली ना, पाहिली. न्हाई ओ, काही राम न्हाई तिच्यात. पहिली लई चांगली होती. पहिलीसाठी मी किती रडले तुमाला म्हाईत हाय. ही दुसरी म्हणजे नुसती रंगरंगोटी.’’

पहिलीतल्या सुनेचं काय झालं होतं, असं पलीकडून विचारलं.

‘‘पहिली? पहिली विहिरीतच गेली न्हाई का. सासूनं ढकललं. हां. आता हिचं पण तेच. तीच विहीर, तीच सासू. साडीसुद्धा पहिलीचीच नेसवली हिला, बोला आता. न्हाई, नवरा काय करत न्हाई. काठावर उभा राहून बघतो नुसता बैलासारखा. मला तर सासूचं तोंड बघितल्याबरोबर कळलं, ही ढकलणार.’’

छबुबाईंनी विचारलं, मग सुनेला नेऊ का?

‘‘न्या की, पण शेवट सांगू नका बरं. आधी कळलं तर कशाला येईल ती?’’

फोन ठेवला. सेवेचं समाधान घेऊन मी ओसरीवर परत आले. ती खिडकी स्वैपाकघराची होती आणि आत सुंदरबाई शेंगदाण्याची टरफलं पाखडत होत्या, शेजारी बिभीषणमामा चहाची चव बघत होते, हे मला नंतर कळलं.

ओसरीवर हवा बदलली होती. शेंगदाण्याचा वास बंद झाला. पोहे येईनात. सुंदरबाई बाहेर आल्या त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि वहिनींच्या तोंडाकडं एकटक बघायला लागल्या. वहिनी बिचाऱ्या हसल्या. सुंदरबाई एक पाऊल मागं सरकल्या.

वहिनींना वाटलं, आपणच पुढाकार घ्यावा. त्यांनी पिशवीतून साडी काढली. मोरपंखी, जरीकाठाची. तिच्यासाठी त्यांनी परळीत चार दुकानं पालथी घातली होती.

‘‘शिवांजलीला आणली. रंग शोभल का बघा.’’

सुंदरबाईंनी हात पुढं केला नाही. ‘‘कुणाची हाय ही?’’ त्यांनी विचारलं.

‘‘कुणाची म्हणजे? तिचीच की.’’

‘‘तिची म्हणजे कुणाची?’’

‘‘अवो, नवी हाय. घडीसुद्धा मोडली न्हाई.’’

‘‘घड्या काय, इस्त्री करून परत घालता येतात,’’ मामा म्हणाले.

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. मला वाटलं, पालीत साडीची काही वेगळी रीत असेल.

साडी पुन्हा पिशवीत गेली. वहिनी शेतकऱ्याच्या लेक, गप्प बसवेना की त्या पाण्यापावसावर जातात. त्यांनी मळ्याकडं बघितलं आणि अगदी कौतुकानं म्हणाल्या, ‘‘विहीर चांगली हाय तुमची. खोल किती हाय?’’

सोमलिंगअप्पांच्या हातातला तांब्या थांबला. ‘‘कावून?’’

‘‘आसंच. पोरीला पाठवा की माझ्याबरोबर, जरा काठावर जाऊन बघून येतो आमी दोघी. तेवढीच ओळख होईल सासू-सुनेची.’’

‘‘न्हाई!’’ सुंदरबाई ओरडल्या. इतक्या जोरात की तुळशीपाशी बसलेलं मांजर उठून गेलं.

मग बिभीषणमामांनी खुर्ची ओढली आणि संगमेशसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसले.

‘‘पाव्हणं, आता लपवाछपवी नको. पहिलीचं काय झालं ते सांगा.’’

संगमेशचा चेहरा उजळला. आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या कामाबद्दल विचारत होतं. शिवांजलीनंच घरात सांगितलं असणार, असं त्याला वाटलं. मागच्याच आठवड्यात फोनवर तिला तो एका गिऱ्हाइकाच्या मोटारीची हकिगत सांगत होता.

‘‘पहिली व्हय? जळाली मामा ती.’’

‘‘जळाली?’’ मामांनी सुंदरबाईंकडं बघितलं. ‘‘आमी तर ऐकलं विहिरीत गेली.’’

‘‘विहिरीतच की. आतल्या आत जळाली. मग दोर लावून वर काढली मी.’’

‘‘तुमी काढली?’’

‘‘दुसरं कोण काढणार? लई जड असते. चार माणसं लागली.’’

सुंदरबाई खाली बसल्या. मामांच्या पीळ दिलेल्या मिशीचं टोक एका बाजूनं उतरलं.

‘‘आन मग?’’

‘‘मग काय, त्याच दिवशी दुसरी सोडली. पाणी थांबून चालतं का?’’

‘‘पोलीस?’’ अप्पा पहिल्यांदाच स्वतःहून बोलले.

‘‘पोलीस कशाला? जळतातच या. वापर जास्त झाला, भार आला की जळतात. माझं मत विचाराल तर चूक मालकाची असते. पण या महिन्यात जरा जास्त झाल्या. चौदा.’’

‘‘चौदा?’’

‘‘तीन अजून दुकानात पडून हायेत,’’ संगमेश नम्रपणे म्हणाला. ‘‘लोक न्यायला येत न्हाईत.’’

वहिनींनी अभिमानानं मान हलवली. ‘‘हात लई चांगला हाय माझ्या लेकराचा. पंचक्रोशीतल्या बाया नाव घेतात.’’

मामा उठले. त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली. घाबरून की रागानं ते त्यांनाही ठरवता येत नव्हतं, कारण काठी त्यांनी उलटी धरली होती. ‘‘उठा,’’ ते म्हणाले. ‘‘आमची पोरगी काय पंधरावी न्हाई. उठा, जीप लावा.’’

संगमेशचं तोंड मला अजून दिसतं. त्यानं ‘का’ म्हणूनही विचारलं नाही. अकरा वेळा उठलेल्या माणसाला उठायची सवय होते. तो फक्त पायातल्या चपलेचा पट्टा नीट करायला लागला, आणि पट्टा काही केल्या लागेना.

‘‘थांबा,’’ मी म्हणाले. ‘‘पोराचं काय चुकलं ते तरी सांगा.’’

‘‘तुमी बोलू नका अक्का,’’ सुंदरबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या. ‘‘तुमीच तर सांगत होता फोनवर. पहिली चांगली होती म्हणे, सासूनं ढकललं म्हणे, हिचं पण तेच म्हणे. सुनेला शेवट सांगू नका म्हणे.’’

वहिनी माझ्याकडं वळल्या. ‘‘मी? मी ढकललं?’’

मी हातातला फोन पदराखाली लपवला. आयुष्यात पहिल्यांदा. एकाच वेळी सगळं समजलं होतं.

तेव्हा आतलं दार उघडून शिवांजली बाहेर आली. केसांना एकाच बाजूनं पिन लावलेली, दुसरी पिन दातात. आतून तिनं सगळं ऐकलं होतं. पिन काढून तिनं मला विचारलं, ‘‘आत्या, तुमी विहिरीच्या पिच्चरबद्दल बोलत होता का?’’

तिनं ‘पिच्चरबद्दल’ म्हटलं आणि मला रडूच आलं. मी नुसती मान हलवली.

‘‘आन तुमी मोटरीबद्दल?’’ तिनं संगमेशला विचारलं.

‘‘मग दुसरं कशाबद्दल?’’ तो म्हणाला. चपलेचा पट्टा अजून हातातच.

ती हसायला लागली. आधी हळू, मग खांबाला धरून. मग अप्पा. असा गोल चेहरा हसला की घरभर पसरतो. सुंदरबाईंनी कपाळावर हात मारला आणि धावत स्वैपाकघरात गेल्या, कारण पोह्यांना आता फोडणी द्यायची होती. मामांनी काठी हळूच भिंतीला टेकवली आणि तिथं मुंग्या झाल्यात का असं बघायला लागले.

‘‘मामा,’’ शिवांजली म्हणाली, ‘‘चौदा बायका करणारा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या दारात येईल का? त्याला तर एकच मिळंना.’’

संगमेश लाजला. पण तो लाजला म्हणजे मागची फळी निघाली.

साडी पिशवीतून पुन्हा बाहेर आली. सुंदरबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. वहिनींनी विहिरीचं नाव काढलं नाही, पण शिवांजलीच म्हणाली, ‘‘आमची मोटर कालपासून आवाज करतीय, बघता का जरा?’’ आणि ती दोघं मळ्याकडं गेली. मामा मागून निघाले होते. सुंदरबाईंनी त्यांच्या हातात पोह्यांची ताटली दिली आणि बसवलं.

परत आल्यावर संगमेशच्या कोपराला ग्रीस लागलं होतं आणि शिवांजलीच्या चेहऱ्यावर होकार. अप्पांनी तिच्याकडं बघितलं, तिनं मान खाली घातली. झालं. बाराव्या ठिकाणी जमलं.

आता माझ्या अंगात पुन्हा जीव आला. मी म्हणाले, ‘‘काही म्हणा, गैरसमज झाला तरी माझं मत खरंच हाय. पहिलीची सर दुसरीला न्हाई. तुला काय वाटतं गं?’’

शिवांजली जरा घुटमळली. ‘‘आत्या, पण दुसरी अजून लागली कुठं? येत्या शुक्रवारी लागणार हाय. त्याच्या आधी आठवडाभर पहिलीच परत लावलीय, लोकांना गोष्ट आठवावी म्हणून. पोस्टरवर खाली बारीक अक्षरात लिहिलंय.’’

ओसरीवर सगळे पोहे खायचे थांबले.

तीच विहीर, तीच सासू, तीच साडी. मी खिडकीखाली उभी राहून स्वतःच सगळं सांगितलं होतं, फक्त मला ऐकू आलं नव्हतं.

मी सावकाश आमच्या ह्यांच्याकडं वळले. ते सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते.

‘‘अहो, तुमाला तरी कळलं का?’’

‘‘इंटरव्हलच्या आधीच,’’ ते म्हणाले.

‘‘मग बोलला का न्हाई?’’

‘‘तुझं मत होऊन गेलं होतं,’’ ते म्हणाले, आणि सुंदरबाईंपुढं ताटली धरली, थोडे आणखी पोहे घ्यायला.