वामनरावांचा स्वेटर आणि दोन एडिटर

भर मे महिन्यात, नागपुरात डांबर वितळत असताना, स्वेटर, मफलर आणि माकडटोपी घालून ऑफिसात येणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी रोज पाहायचो. वामनराव डेहनकर. आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत एसी होता. "आत येऊन कपडे चढवले तं आपण थंडीले भेलो असं दिसते," म्हणून हा गृहस्थ घरूनच सगळं चढवून सायकल मारत यायचा. स्वेटर त्यांच्या दिवंगत बायकोनं विणलेला. त्याला कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

तेव्हा आम्ही प्रोग्राम पेन्सिलीनं कागदावर लिहायचो. पंचिंगच्या खोलीतल्या कुसुमताई ते पाहून कार्डांना भोकं पाडायच्या आणि कॉम्प्युटर ती भोकं वाचायचा. एक स्वल्पविराम चुकला की दिवस बुडाला. मग पडद्याचं यंत्र आलं आणि त्यासोबत दोन एडिटर, म्हणजे प्रोग्राम पडद्यावरच लिहायची-खोडायची सोय. साहेब वामनरावांना म्हणाले, "महिनाभरात एक निवडा. मग पंचिंगची खोली बंद." कुसुमताई रोजंदारीवर होत्या. त्यांचं काय, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही; मला त्या कार्डांचा वीट आला होता.

वामनरावांनी आठ महिने लावले.

पहिला एडिटर एका वेळी एकच ओळ दाखवायचा. वामनराव म्हणायचे, "बाकीच्या लपवून ठेवते गा. असा माणूस भरवशाचा नसते." दुसरा पानभर दाखवायचा. "सगळं एकदम दिसते. मले घाबरल्यावानी होते." एकदा त्यांनी दोन्हींत इंग्रजी अक्षरांनी पाटवडीची कृती लिहिली आणि कोणती वाचून जास्त भूक लागते, ते सगळ्यांना विचारलं. मी म्हणालो, पहिली. "तू जेवून नसशील आला," म्हणत माझं मत बाद केलं.

साहेब चिडले, तर वामनराव म्हणाले, "साहेब, कूलर आपण मार्चात घेतो, पण तो कसा आहे हे मेमध्ये कळते. एक उन्हाळा पाहू द्या."

शेवटी मीच तोंडावर बोललो, "वामनराव, काहून सगळ्यांचं डोकं खाऊन राहिले? चिठ्ठी टाका अन् मोकळे व्हा."

"होते गा. तू काहून घाई करून राहिला?"

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी विसरलेला चष्मा घ्यायला कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो. पडद्यापुढं कुसुमताई. अंगात तो स्वेटर. बोटं भराभर चालत होती आणि पडद्यावर पाटवडी होती. मागं वामनराव नुसत्या शर्टात, हात काखेत खुपसून उभे.

"भेऊ नका वं ताई. खोडा अन् पुन्हा लिहा."

"हे दुसरंच बरं आहे भाऊ," त्या म्हणाल्या. "मागचं-पुढचं दिसत राहते."

त्याच दुपारी साहेबांच्या टेबलावर वामनरावांचा कागद गेला. दुसरा एडिटर निवडला आहे. तो ऑफिसला शिकवू शकतील अशा एकट्या कुसुमताई आहेत, तेव्हा त्यांना त्या कामावर कायम करावं. नाहीतर निवड पुन्हा पहिल्यापासून. साहेबांनी घाबरून तिथल्या तिथं सही केली.

मला माझीच लाज वाटली. मी आठ महिने या माणसाच्या नावानं बोटं मोडली आणि तो रोज जेवणाच्या सुट्टीत उपाशी उभा राहून कुसुमताईंना शिकवत होता.

पुढं मलाही कुसुमताईंनीच शिकवलं. स्वेटर त्यांच्याच अंगात राहिला. वामनराव शर्टावर येऊ लागले.

"थंडी नाही वाजून राहिली?" मी विचारलं.

"नाही गा," ते म्हणाले. दात वाजत होते.