गावितकाका आणि रस्त्याचा दर्जा

सातपूरच्या कॉलनीत मी राहायला आलो त्या दिवशी शेजारच्या गावितकाकांनी नावही न विचारता सांगून टाकलं, "तुमच्या दारातला रस्ता ग्रामीण मार्गाच्या दर्जाचा. तेव्हा खड्ड्यांबद्दल कुरकुर करायची नाही."

काकांची उभी हयात सरकारच्या रस्ते खात्यात गेली. आधी राष्ट्रीय महामार्ग, मग राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि सगळ्यांत खाली बिचारा ग्रामीण मार्ग, ही उतरंड त्यांच्या अंगात भिनलेली. घरातसुद्धा दार ते स्वयंपाकघर हा महामार्ग. तिथे काकूंची चप्पल दिसली की अतिक्रमण म्हणून थेट गॅलरीत. पाहुण्यांचंही तेच. जावई महामार्ग, मिनिटभर खोळंबा नको. चुलतसाडू मात्र इतर जिल्हा मार्ग: "निधी उरला तर बघू." माझा दर्जा विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

असा हा काटेकोर माणूस गेल्या हिवाळ्यात दारोदार जेवणाचं आमंत्रण देत फिरू लागला. पेठच्या बाजूला डोंगरात त्यांची थोरली बहीण राहते, सोनाबाई, तिच्या घरी. अट एकच: ज्यानं त्यानं आपापल्या गाडीवर यायचं. मी म्हटलं, आम्ही नवरा-बायको एकाच स्कूटरवर येतो. काका चिडले. "दोन गाड्या आहेत ना तुमच्याकडे?"

गेलो एकवीस गाड्या घेऊन. फाट्यावर झाडाखाली एक तरुण कारकून वहीत रेघा ओढत बसला होता. नागलीची भाकरी खाताना काकूंनी गुपित फोडलं. त्या आठवड्यात रस्त्यावरच्या वाहनांची मोजणी होती. आकडा वाढला तर रस्त्याचा दर्जा वाढणार, डांबर पडणार आणि फाट्यावरूनच निघून जाणारी एसटी गावात येणार. सोनाबाईंचे गुडघे गेलेले. फाट्यापर्यंत चालवत नाही, स्कूटरचे हादरे सोसत नाहीत, म्हणून दोन वर्षांत त्या भावाकडे आलेल्या नव्हत्या. काका मात्र जेवायला बसलेच नाहीत, नुसते येरझाऱ्या घालत होते. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

परतताना फाट्यावर कारकुनानं सहज विचारलं, "साहेब, गावात लग्नबिग्न आहे का?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. काका थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "नाही. या सगळ्या गाड्या मी आणल्यात. जातानाच्या, येतानाच्या, दोन्ही खोडा."

त्यानं नाइलाजानं खोडल्या. दिवसभराच्या उरल्या चार मोटारसायकली आणि एक दुधाचा टेम्पो.

काकांनी स्कूटर मागे वळवली. राहवेना म्हणून मीही मागोमाग गेलो. सोनाबाई अंगणात ताटं घासत होत्या.

"आक्का, मला नाही जमलं," काका म्हणाले आणि घडलेलं सगळं सांगितलं.

सोनाबाईंनी ओला हात पदराला पुसून भावाच्या डोक्यावरून फिरवला. मला म्हणाल्या, "लहानपणापासून असाच हाय ह्यो. माझ्यासाठी एक लबाडी कराया निघाला, ती बी पुरी झाली नाय." मग त्याला म्हणाल्या, "बस. उपाशी हायेस. भात हाय अजून."

काका ओट्यावर बसले. दोन घास खाल्ले आणि त्यांना रडू आलं. सोनाबाई भात वाढत राहिल्या.