पगारी नाक

“वैनी, फोडणी करपाय लागली!”

भिंतीपलीकडून ही हाक आली की माझं टाळकं सणकायचं. कारण फोडणी करपलेली नसायची. मोहरी नुकती तडतडलेली, लसूण कडेनं जरासा लाल, आणि मी पाण्याचा तांब्या घ्यायला वळलेली. परत फिरेपर्यंत मात्र लसूण काळा! म्हणजे त्या माणसाला करपायच्या आधी कळायचं. आमचे हे हसायचे. मी म्हणायची, “हसा, तुमचं काय जातंय? सासूबाई गावी राहिल्या म्हणून मी सुटले म्हणत होते, तर देवानं भिंतीपलीकडं हे नाक आणून बसवलं!”

ते नाक शाणूभावजींचं. आम्ही तेव्हा गोव्याच्या घाटमाथ्यावर कॅसलरॉकला होतो आणि हे तिथल्या स्टेशनात मालबाबू होते. आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याचं एक छप्पर होतं, त्यात शाणूभावजी राहायचे. राहायचे म्हणजे आपले पडायचे. मूळचे दिग्गीकडचे, रानातले. आणि रेल्वेत त्यांना नोकरी होती ती वास घेण्याची.

हसू नका. रेल्वे म्हटलं की तुम्हाला स्टेशनमास्तर, गार्ड आणि ड्रायव्हर एवढेच आठवतात. मी रेल्वेच्या चाळीत जन्म काढलाय, मला विचारा. गाडी थांबली की हातोडीनं चाकं ठोकत जाणारा एक माणूस असतो. नुसत्या आवाजावरून चाकाला तडा गेलाय का ते तो सांगतो. पावसाळ्यात घाटातली दरड कुठं सुटायला आलीय ते बघत रुळावरून चालणारा एक असतो. आमच्याकडे तर माकडं हाकायला एक माणूस होता, आणि त्या जागेलासुद्धा वशिला लागायचा! तसे हे वास घेणारे. गोव्याकडून मासळीच्या पाट्या घाट चढून यायच्या आणि पुढं बेळगाव-हुबळीला जायच्या. तिकडचे व्यापारी माल हातात पडला की बोंब मारायचे, मासळी कुजकी आली! मग मासळीवालीनं कुजकी भरली की रेल्वेनं वाटेत कुजवली, यावर भांडण. म्हणून प्रत्येक पाटी इथं हुंगायची आणि ताजी असली तर तिच्यावर खडूनं फुली मारायची. फुली दिसली की व्यापाऱ्याचं तोंड बंद.

या जागेला पात्रता काय? शिक्षण मराठी दुसरी, आणि नाक.

हे नाक सरकारला सापडलं कसं, तेही ऐका. शाणूभावजी आधी हमाल होते. एका बड्या साहेबाचा तुपाचा डबा डोक्यावरून नेता नेता ते मध्येच थबकले. म्हणाले, “साहेबास्नी सांगा, ह्यात उंदीर मेलाय.” साहेब भडकला. झाकण उघडलं. उंदीर होता! साहेब त्या दिवशी जेवला नाही, आणि पुढच्याच आठवड्यात त्यानं ही जागा काढली. पण काढली ती कच्ची. दर वर्षी मुदत वाढवायची, पक्की काही करायची नाही.

नाकाला भावजी जिवापाड जपायचे. तंबाखू नाही, विडी नाही, तपकिरीच्या डबीकडे तर बघायचेसुद्धा नाहीत. पावसाळ्यात नाकावरून मफलर गुंडाळून हिंडायचे, नवख्या उतारूला वाटायचं दरोडेखोर आला. एक गार्ड अत्तर लावून यायचा, त्याला ते लांब उभा राहून बोलायला लावायचे. “सरकारी नाक हाय बाबा,” म्हणायचे, “माझं असतं तर दिलं असतं बिघडवाय.” आमचा कानडी पॉइंट्समन बसप्पा त्यांना मूगप्पा म्हणायचा. कानडीत मूगु म्हणजे नाक. भावजी खुशाल ओ द्यायचे. आणि वाद कसलाही असो, त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं, “नाक खोटं बोलत न्हाई.”

मासळीवाल्या बायांशी त्यांचं रोज वाजायचं. त्यांची पुढारीण पावलीन. उंच, धिप्पाड, आणि आवाज असा की इंजिनाच्या शिट्टीनं लाजावं. पाटीवर फुली पडली नाही की ती भावजींच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. “तुज्या नाकाक किडे पडूं!” भावजी शांतपणे म्हणायचे, “पडू देत बाये, पर तुजा बांगडा कालचाच हाय.”

जागा पक्की व्हावी म्हणून मात्र हा माणूस फार झुरायचा. मला नवल वाटायचं. एकटा जीव सदाशिव, कच्ची काय अन् पक्की काय! एकदा भाकरी द्यायला गेले आणि तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा त्यांनी सावूचं सांगितलं. सावू त्यांची धाकटी बहीण. कळायच्या आत लग्न झालं आणि कळायच्या आतच नवरा गेला. दिग्गीपलीकडच्या वाडीत दिरांच्या घरी होती. पहाटेपासून शेण, कांडण, नाचणी दळणं. घरात काही शुभकार्य निघालं की तिला परसात बसवायचे.

“जागा पक्की झाली की चाळीत खोली मिळत्या, वैनी. चुलीची. मग आणतोच तिला. ह्या छपरात बाईमाणसाला कुठं ठिवू?”

त्या रात्री मी उळवीच्या बसवण्णाला नवस बोलले. शेजाऱ्यासाठी नवस बोलायची माझी पहिलीच वेळ.

त्या साली तापाची मोठी साथ आली. भावजी आडवे झाले ते वाचतील असं कुणाला वाटेना. पण उठले, आणि पाट्यांपुढं परत उभे राहिले. पुढं महिन्याभरात वरून कळलं, साहेब स्वतः येऊन परीक्षा घेणार. उतरले तर जागा पक्की. ह्यांनी ती बातमी मला ओसरीवर सांगितली, आणि बातमीच्या नादात मी चुलीवरची आमटी साफ विसरले. धुराचा लोट उठला. तिकडून बसप्पा “अक्का, बेंकी, बेंकी!” करत बादली घेऊन धावत आला, घराला आग लागली म्हणून. मी पातेलं पदरात धरून मागं पळाले, तर भावजी भिंतीला टेकून डोळे मिटून निवांत बसलेले! कोळसा झालेली ती डाळ मी त्यांच्या नाकाशी धरली.

“आज काय रांधलंया, वैनी?” त्यांनी विचारलं.

तापानं नाक नेलं होतं आणि त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

मग मी पदर खोचला. निरगुडीचा वाफारा दिला, ओव्याची पुरचुंडी दिली, हळदीची धुरी दिली, कांदा फोडून नाकात कोंबायचा तेवढा बाकी ठेवला. डोळ्यांतून धारा लागल्या, पण नाक काही उघडेना. आणि रोज ते पाट्यांपुढं वाकायचे, जाणत्यासारखी मान हलवायचे आणि देवाचं नाव घेऊन कुठंतरी फुली मारायचे.

“एक दिस बोंब उठंल, वैनी.”

“मग आधीच सांगून मोकळे व्हा की!”

“मग सावू?” ते म्हणाले.

पण बोंब उठली नाही. बेळगावहून नाही की हुबळीहून नाही. पावलीन रोजच्यासारखी शिव्या देत होती, गाड्या रोजच्यासारख्या सुटत होत्या. मी म्हटलं, बसवण्णा पावला.

साहेब आला. फलाटावर झाकलेल्या पाट्या ओळीनं मांडल्या. त्यातल्या एकीत मुद्दाम शिळी मासळी घातलेली. मासळीवाल्यांना दोरीपलीकडं थोपवलेलं. आम्ही चाळीतल्या बायका कडेला उभ्या. भावजी पहिल्या पाटीपुढं वाकले. दुसरीपुढं वाकले. सगळ्या पाट्यांवरून गेले आणि परत पहिलीपाशी आले. मी मनात म्हणतेय, मार की रे बाबा कुठंतरी फुली, मार!

त्यांनी खडू खाली ठेवला.

“साहेब, नाक गेलंय. तापात गेलं. तवापास्नं नुसत्या फुल्या मारतोय. नाक खोटं बोलत न्हाई म्हणत हुतो, पर मीच बोललो.”

ह्यांनी मान खाली घालून ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेबाचं तोंड लाल झालं. त्यानं एकच विचारलं, मग इतके दिवस तक्रार कशी आली नाही?

तेवढ्यात पावलीन दोरीखालून वाकून आत आली. “तक्रार कशी येतली, सायबा? शिळी पाटी आमी ह्याच्यामुखार मांडलीच नाय!”

आणि मग सगळं बाहेर आलं. तापातून उठल्यावर पहिल्याच दिवशी भावजींनी तिच्या शिळ्या पाटीवर मुकाट्यानं फुली मारली होती. तिथंच तिनं ओळखलं, याचं नाक गेलं. तिनं बाकीच्या बायांना सांगितलं. तेव्हापासून त्या शिळी मासळी स्वतःच बाजूला काढायच्या, मीठ लावून वाळवायच्या आणि ताज्या पाट्या तेवढ्या पुढं करायच्या. संशय येऊ नये म्हणून शिव्या तेवढ्या चालू ठेवल्या होत्या! ज्यांना आपण फसवतोय म्हणून हा माणूस रात्ररात्र तळमळत होता, त्याच याला सांभाळत होत्या.

“पण का?” ह्यांनी विचारलं.

“हो मनीस गेलो की दुसरो येतलो, लांच खावपी,” पावलीन म्हणाली. “ह्याची फुली दिसली की शेट गप बसतात. हो मनीस खोटो न्हय.”

साहेबानं पाइप काढला, पेटवला नाही, परत खिशात घातला. म्हणाला, रेल्वेला नाकाशी काय करायचंय, तक्रार नको होती, आणि तक्रार तर नाही. नाक परत येईपर्यंत काय करायचं, असं ह्यांनी विचारलं तर त्यानं सरळ पावलीनकडं बोट दाखवलं. जागा पक्की झाली! भावजी तिथंच पाट्यांत बसून ढसाढसा रडले आणि पावलीननं त्यांना त्याबद्दलही एक शिवी हासडली. त्या बाईला ओवाळावंसं वाटलं मला.

नाक आलं पुढं हळूहळू. आधी हिंग कळू लागला, मग लसूण. पण त्याआधी खोली मिळाली आणि बैलगाडीतून सावू आली.

नव्या घरात पहिल्या दिवशी दूध उतू घालायचं असतं. मी ठेवणीतलं लुगडं नेसून, कुंकवाचा करंडा घेऊन तयार होते. सवाष्णीचा मान, आणि मान सोडायची मला सवय नाही. सावू गाडीतून उतरली, चुलीपुढची मांडामांड तिनं बघितली, आणि बोचकं काखेत धरून सरळ परसात जाऊन उभी राहिली. कुणी काही बोललं नव्हतं. तिचे पायच तिकडं वळले.

भावजींनी माझ्या हातातलं दुधाचं भांडं हळूच काढून घेतलं. “वैनी, रागावू नगा. दूध तिच्या हातनं.”

“अहो पण…” मी म्हटलं. अशी रीत मी बघितली नव्हती.

ते परसदारी गेले. “सावू, आत ये.”

“दादा, आत पूजा हाय न्हवं?”

“व्हय. तू आल्याबिगर व्हायची न्हाई.”

ती आली. चुलीपुढं बसली. मी एकदा करंड्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि करंडा कोनाड्यात ठेवून फुंकणी घेऊन तिच्या शेजारी बसले. जाळ लागला. दूध फुगून काठाशी आलं, आणि सावूनं घाबरून उघड्या हातांनी भांडं धरलं, उतरायला. दिरांकडं दूध सांडलं तर काय व्हायचं, ते तिच्या मनगटांवरच्या चटक्यांच्या डागांवरून दिसत होतं.

भावजींनी तिचे हात धरून बाजूला घेतले.

“सांडू दे, सावू. आपलंच हाय.”